ओटीतला घड

माझ्या डोहाळजेवणाचा विषय निघाला की सासरी अजून सगळे म्हणतात, हिनं भर ओटीत तमाशा केला. केला. परत वेळ आली तर परत करीन.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. बडोद्यात आमच्या घरामागे सासऱ्यांनी द्राक्षाचा वेल मांडवावर चढवला होता. त्या वर्षी घड धरले आणि नेमकी मण्यांवर भुरी आली, पिठाचा हात लागावा तशी पांढरी बुरशी. सासऱ्यांनी ते फार मनाला लावून घेतलं. चार लोकांत घरची द्राक्षं सुनेच्या ओटीत घालायची त्यांची हौस, आणि घड असे. खरं तर भुरी वेलाला छळते, माणसाला नाही. सडके, तडकलेले मणी टाकून बाकीचे मी धुऊन खात होते; चव जरा उतरलेली, दुसरं काही नाही. पण सासऱ्यांना भीती डोळ्यांना दिसणाऱ्या पांढऱ्याची. तेव्हा दुकानात रोज नवं औषध येत होतं. त्यातलं एक आणून त्यांनी आदल्या संध्याकाळी फवारलं, आणि सकाळी घड फडक्यानं पुसून चकचकीत केले. फवारल्यावर लगेच फळ तोडू नये, असं पाकिटावर छापलं होतं. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, कंपन्या असं लिहितातच.

आधी देवाला नैवेद्य, मग माझी ओटी. खण, नारळ, गहू आणि वर तो घड. फुलांचे दागिने घालून मी पाटावर बसलेली. आमच्याकडची रीत अशी की ओटीतलं फळ गर्भारणीनं तिथेच तोंडात घालायचं. शेजारच्या गुजराती काकी लाडानं म्हणाल्या, "घरनी द्राक्ष छे बेटा, खाई ले."

मी सासूबाईंना हळूच सांगितलं, हे कालच फवारलंय. त्या म्हणाल्या, नैवेद्य दाखवलाय, आता काही होत नाही. पोटात बाळ ढुशा देत होतं आणि इथे सगळ्यांना फोटो हवा होता. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, आधी तुम्ही खा," मी म्हणाले.

सासरे हसले. हात पुढे केला, आणि मागे घेतला. "मला गोड चालत नाही, माहीत आहे ना तुला."

मघाशीच दोन वाट्या श्रीखंड संपवलेला माणूस हा. म्हणजे ह्यांना कळत होतं. सगळं कळत होतं.

मी घड उचलून ताटात ठेवला. बायका कुजबुजत उठल्या. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं, तेही मी चालवून घेतलं असतं. पण संध्याकाळी भांडी घासणाऱ्या मावशी घरी निघाल्या, तेव्हा सासूबाईंनी तोच घड पिशवीत घालून त्यांच्या हातात दिला.

"पोरांना दे हो," त्या म्हणाल्या, "घरचीच आहेत."

मी पिशवी हिसकावून घेतली. मावशी कावऱ्याबावऱ्या झाल्या, पदराला हात पुसत म्हणाल्या, "राहू द्या ताई, मी काही मागितली नव्हती."