खराब कॉपी

अन्याय माझ्यावर झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, डोणगावच्या स्टँडवर, मिरचीभज्यांच्या गाड्यासमोर. आणि ज्याच्या दुकानातून तो झाला, त्याच माणसाचे आभार मानायला मी हे लिहिते आहे. गोंधळू नका, सांगते.

स्टँडच्या कडेला चाचांचं झेरॉक्सचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं, मीही तेच म्हणते. उंच, वाकलेले, हिरव्या उजेडानं डोळे बारीक झालेले. मशीनचं झाकण उघडताना हलकेच "बिस्मिल्ला" म्हणायचे आणि कॉपी काळी निघाली की मशीनला दटावायचे, "काऊन वो, आज नखरे काऊन?"

त्या वर्षी मी कॉलेजात होते. बियाणं विकणारा म्हणाला होता, बीटी कपाशी आहे, अळीचं नाव काढू नका. अळी आलीच आणि फवारणीही आली. बाबा पंप पाठीवर घ्यायचे, मी पाण्यात औषध कालवायची. एका दुपारी मी बांधावरच कोसळले. बुलढाण्याच्या दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा कागदावर माझं नाव, वय, गाव आणि खाली एक शब्द होता : विषबाधा.

मदतीच्या अर्जाला त्याची झेरॉक्स हवी होती. पहिली कॉपी तिरपी आली. चाचांनी ती मागच्या पोत्यात टाकली, दुसरी दिली. खराब कॉप्यांचं पोतं भरलं की भजेवाल्याला जायचं. तुमच्या गावातही असंच चालतं, खोटं बोलू नका.

माझं लग्न जुळत आलं होतं. शेगावकडचं स्थळ होतं, मुलाचे मामा डोणगावलाच राहायचे. करीच्या सकाळी त्यांनी भजे घेतले. भजे संपले आणि तेलकट कागदावर मी उरले.

आता आमच्या भाषेचं ऐका. कपाशीवर मारतात त्या विषाला आम्ही औषध म्हणतो. आणि पोरीनं "औषध घेतलं" म्हटलं की गावात त्याचा एकच अर्थ होतो. जीव द्यायला निघाली होती. दुपारपर्यंत कारणंही तयार झाली. कोणी म्हणे पोराची भानगड, कोणी म्हणे वेडाचे झटके. मामांनी बाबांना चारचौघांत विचारलं, "पोरीनं औषध घेतलं होतं, अन् आमाले सांगतलं नाई?"

संध्याकाळी चाचा दारात उभे. आई भडकली, "आता काय पेढे देऊ तुमाले?"

"शिव्या द्या भाभी. कागद माह्या दुकानातला हाय. चूक माही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, मी त्या मामाकडं जातो. माही चूक कबूल करतो. पन तुले काय झालं होतं, ते मी सांगू का नको? ते तू सांग. गोष्ट तुही हाय."

सकाळपासून सगळा गाव माझ्याबद्दल बोलत होता. मला विचारणारा हा पहिला माणूस.

"मीच सांगते," मी म्हटलं. "तुमी संग चला."

मामांच्या बैठकीत चाचा म्हणाले, "कागद बाहेर गेला, त्याचा गुन्हेगार मी. कागदातलं ही पोरगी सांगन." आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. ऐकायलासुद्धा थांबले नाहीत! मी पंप, औषध, बांध, सगळं सांगितलं. मामा वरमले, "आता जुळवून घेऊ," म्हणाले. मी नाही म्हटलं. जे घर भज्याच्या कागदाला विचारतं आणि मला विचारत नाही, तिथं मला नांदायचं नव्हतं.

पुढे कितीतरी दिवस दुकानात टवाळखोर यायचे. "चाचा, काय होतं बे त्या कागदात?"

"चूक होती. माही."

"अन् पोरीचं?"

"पोरीचं पोरीले इचार. हिंमत हाय का?"

त्यानंतर खराब कॉपी चाचा गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचे. भजेवाला कुरकुरला, "चाचा, भजे काय तळहातावर देऊ?" "पळसाच्या पानावर दे. पान कोनाचं नाव सांगत नाई." पुढे दुकानात कम्प्युटर आला, पीकविम्याचे अर्ज आले. बियाण्याचा एक एजंट शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर मागायला आला, बदल्यात मशीनची शाई फुकट. चाचांनी त्याला चहा पाजला आणि रस्ता दाखवला. "नंबर माहे नाईत भाऊ. दुसऱ्याचा माल कसा इकू?"

मी शेतकऱ्यांच्या संघटनेत गेले. फवारणीनं आजारी पडलेल्या बायांवर आमच्या पुढाऱ्यानं पत्रक लिहिलं, नावागावासकट. कॉप्या काढायला नेलं, तर चाचांनी वाचून मशीन बंद केलं.

"यायले इचारलं का?"

पुढारी तापला, "त्यांच्या भल्यासाठीच आहे, चाचा!"

"माही रद्दी बी कोनाच्या वाईटासाठी नव्हती."

आम्ही प्रत्येक बाईच्या घरी गेलो. काहींनी नाव काढायला सांगितलं, आम्ही काढलं. एक म्हातारी मात्र म्हणाली, "माहं मोठ्या अक्षरात टाका." पत्रक जरा उशिरा निघालं, पण त्यातली प्रत्येक बाई आमच्यासोबत मोर्चात चालली. संघटनेत मी जे काही शिकले, त्यात याच्याहून मोठं काही नाही.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. त्यांच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं लटकतात. परवा मी दुसऱ्या दुकानात प्रिंट काढायला गेले. स्क्रीनवर सगळा गाव पसरला होता : एकीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, कोणाचं बँकेचं पासबुक, कोणाचं आधार. सगळं व्हॉट्सअॅपवरून आलेलं, तिथंच राहिलेलं. माझी फाईल पुसायला सांगितली, तर पोरगा हसला, "राहू द्या ना ताई, पुन्हा लागली तर?"

मी पुसायला लावली. मागची रांग चिडली, चिडू दे.

तुम्हीही उद्या कुठल्यातरी काउंटरसमोर उभे असाल. काम झालं की निघू नका. आपला कागद आपल्या डोळ्यांसमोर पुसायला लावा. आणि काउंटरच्या पलीकडची खुर्ची तुमची असेल, तर कोणी सांगायची वाट बघू नका. आज दुकान बंद करण्याआधी पुसा.