गेजचं एकच टोक

जगातले यच्चयावत धर्म तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या आमच्या घरमालकांनी तपासून नापास केलेले आहेत, फक्त एक सोडून. तो एक कोणता, हे सांगायला ज्योतिषी नको. नापास करायला त्यांना ना ग्रंथ लागायचे ना चर्चा. सकाळी सहाला व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून स्टीलच्या टंबलरमधली कॉफी डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ओतून गार करेपर्यंत दोन पंथ आणि एखादा साधू सहज उडायचा. नवं शतक लागून तीनचार वर्षं झाली होती. मी सांगलीहून येऊन गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पितळी बुश करणाऱ्या एका लहान कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागलो होतो आणि त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. कॉलेजभर मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहिली आणि एस.टी. स्टँडवर उभं राहून वाटली. तेव्हा असा घरमालक मिळाला म्हणून पहिला महिनाभर मी स्वतःला भाग्यवान समजत होतो. भाग्यावर माझा विश्वास नाही, तरी.

सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. घराणं तंजावरच्या मराठ्यांकडचं. घरात बोलायचे ती मराठी दोनेकशे वर्षांपूर्वी पेटीत घालून कुलूप लावल्यासारखी, मधूनमधून तमिळ शिंपडलेली. नोकरी आवडीतल्याच एका संरक्षण कारखान्यात, माल तपासणारे इन्स्पेक्टर म्हणून. आमच्या फोरमनला विचारा, मामा तपासणीला यायचे त्या दिवशी त्याच्या कपाळावरची विभूती घामानं वाहून जायची. मामींच्या सख्ख्या भावाच्या कारखान्यातून आलेला अख्खा लॉट त्यांनी परत पाठवला होता आणि पुढच्या सहा दिवाळ्या मामींना माहेर नव्हतं. निवृत्तीनंतरही शर्टाच्या खिशात त्यांचा जुना प्लग गेज असायचा. ही एक छोटी लोखंडी कांडी असते; तिचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिलं 'गो', दुसरं 'नो-गो'. दोन्ही टोकं लावायची, मग माल पास. मामा त्या कांडीनं पाठ खाजवायचे, मामींच्या इडलीला भोक पाडून पाहायचे आणि कुणी चमत्कार सांगू लागलं की ती त्याच्या छातीवर रोखायचे.

शेजारच्या बाई सांगायच्या की वारुळातला नाग शुक्रवारी वाटीभर दूध पितो. मामा विचारायचे, "पितो तें पाहिलें की वाटी रिकामी पाहिली? मांजर कुठें होतें तेव्हां?" कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, दर्ग्यातला दोरा बांधला की ताप तीन दिवसांत उतरतो. मामा म्हणाले, "न बांधलेल्यांचा किती दिवसांत उतरतो? त्याचें रजिस्टर अहे काय?" शिंप्यानं त्या महिन्यात मामांची विजार दोन इंच आखूड शिवली, पण मी मात्र तो प्रश्न रात्री वहीत उतरवून ठेवला. आमच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळातल्या दहा वर्षं पत्रकं लिहिणाऱ्यांना असा प्रश्न सुचला नव्हता. "तंबी," मामा मला म्हणायचे, "अस्कें ढोंग अहे." तंबी म्हणजे धाकटा भाऊ, अस्कें म्हणजे सगळं. मी मान डोलवायचो.

मग रामनवमी आली आणि मामांनी कपाटावरची शिसवी पेटी खाली काढली. आत एक पिवळं पडलेलं अंगवस्त्र, घडी घातलेलं. घडी मोडायची नाही असा घराण्याचा नियम. मामींनी त्याला हळदकुंकू लावलं आणि मामांनी, त्याच मामांनी, डोळे मिटून गोष्ट सांगितली. त्यांच्या पणजोबांना देवाची मूर्ती घेऊन नदीपलीकडे जायचं होतं. कावेरीला पूर, नाव नाही. तेव्हा त्यांनी हे अंगवस्त्र पाण्यावर पसरलं, मूर्ती मांडीवर घेऊन त्यावर बसले आणि पलीकडे गेले. वस्त्राला थेंब लागला नाही.

मी विचारलं, "कुणी पाहिलं?"

"अस्क्यांनी."

"रजिस्टर?"

मामांनी डोळे उघडले आणि मी त्यांच्या गाईला दगड मारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "तंबी, हें आमच्या घरांतलें अहे," ते म्हणाले. जणू घरातल्या पाण्याची घनता वेगळी असते. मी माडीवर गेलो तो तणतणतच. जो माणूस केसभर फरकासाठी मेव्हण्याचा माल परत करतो, तो पुरातून कापडावर बसून गेलेला माणूस न तपासता पास करतो. दुसऱ्याच्या गोष्टीला नुसतं 'नो-गो' टोक लावायचं आणि आपल्या गोष्टीला नुसतं 'गो'. नुसतं 'गो' लावलं तर कितीही ढिलं भोक पास होतं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आणि हे एकट्या मामांचं नाही. वारुळवाल्या बाई दोऱ्याला हसायच्या, शिंपी वारुळाला हसायचा. प्रत्येकाला शेजाऱ्याचा देव तपासताना इंजिनिअरिंग आठवतं आणि आपल्या देव्हाऱ्यापाशी आलं की चपलेबरोबर अक्कलही बाहेर काढून ठेवायची. न मानणाऱ्यानं हसावं. त्यानं निदान सगळ्यांना सारखं तपासलेलं असतं. मानणाऱ्याला दुसऱ्यावर हसायचा काय अधिकार? हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो.

मामांच्या हसण्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे सूसै. त्याच कारखान्यात, त्याच विभागात मामांच्या शेजारच्या बाकावर बसून तो गेज तपासायचा. म्हणजे मामा माल तपासायचे आणि मामांचा गेज सूसै तपासायचा. समुद्रकाठच्या एन्नोरच्या कोळी वस्तीतला, ख्रिस्ती. दर रविवारी चर्च आटपलं की बेसिन ब्रिजला गाडी बदलून तो आवडीला यायचा आणि व्हरांड्यात दुसऱ्या वेताच्या खुर्चीवर बसायचा. मामी डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, दोघांपुरतं घालायच्या. तीस वर्षांचा कार्यक्रम ठरलेला. त्यांचं बोलणं तमिळमधून चालायचं. मला कळलं तेवढं सांगतो.

"राव, आज पाद्र्यानं ती पाण्यावरची गोष्ट सांगितली," सूसै म्हणायचा. "वादळ, शिष्यांची होडी मधोमध, आणि प्रभू पाण्यावरून चालत होडीकडे..."

"चालत?" मामा टंबलर खाली ठेवायचे. "चपला होत्या की अनवाणी? वजन किती? पाऊल किती खोल गेलं?"

"अरे, पुढं तर ऐक."

"पुढचं कशाला? पहिलंच भोक मोठं आहे. रिजेक्ट." आणि खिशातली कांडी वर करून मामा असे हसायचे की वारुळवाल्या बाई खिडकीत यायच्या. सूसैही हसायचा. तोही उट्टं काढायचा, "आमचा निदान पायावर उभा होता. तुझा पणजा बसून गेला, आळशी." मग दोघं कॉफी प्यायचे.

तर मी पत्रक लिहिलं. एक कागद, दोन बाजू, मथळा 'पाणी तेच, पाय वेगळे'. पुढच्या बाजूला एका निवृत्त इन्स्पेक्टरचे प्रश्न: चपला, वजन, पावलाची खोली, रिजेक्ट. मागच्या बाजूला अंगवस्त्राची गोष्ट, आणि खाली तेच प्रश्न, शब्द न बदलता. नाव कुणाचंच नाही. मंडळातल्या एका मित्रानं तमिळमध्ये उतरवलं आणि पाचशे प्रती छापून आल्या. एक मी मामांना दिली. मला भांडण हवं होतं, खोटं कशाला बोलू. मामांनी पुढची बाजू वाचली, मांडीवर थाप मारली, पुन्हा मोठ्यानं मामींना वाचून दाखवली आणि म्हणाले, "फस्ट क्लास. अजून पन्नास दे." आणि ज्या माणसानं आयुष्यभर शिकाऊ पोरांना 'माल उलटा करून पाहा' असं ओरडून सांगितलं, त्यानं तो कागद उलटा केला नाही. आपलीही थट्टा कुणी छापू शकतं ही शंकाच त्याला आली नाही. आठवडाभर मामा आवडी स्टेशनवर स्वतःच्या पणज्याला नापास करणारी पत्रकं अभिमानानं वाटत होते. मी माडीवर उशीत तोंड खुपसून हसलो.

रविवारी सूसै आला. मामांनी कॉफीच्या आधी कागद त्याच्या हातात ठेवला. "वाच. आमच्या तंबीनं लिहिलंय. माझेच शब्द. स्टेशनवर वाटतोय."

सूसैनं चष्मा लावला. पुढची बाजू सावकाश वाचली. मग, गेज तपासणारा माणूस तो, त्यानं कागद उलटा केला आणि मागची बाजू मोठ्यानं वाचली, शेवटच्या 'रिजेक्ट'पर्यंत. मामींच्या हातातला चमचा थांबला. मामांनी कागद ओढून घेतला, पाहिला आणि खुर्चीत मागं टेकले.

"मागचं तू वाचलं नव्हतंस, हे मला कळलं," सूसै म्हणाला.

"आईशप्पथ नाही."

"पण पुढचं वाचून खूश झालास. वाटलंस. स्टेशनात." त्यानं चष्मा घडी घालून खिशात ठेवला. "इथं बसून तू हसायचास तेव्हा मीही हसायचो, राव. चार भिंतींत होतं. माझी बायको गेली त्या वर्षापासून मला तेवढी एकच गोष्ट पुरलीय, ती तू रस्त्यावर वाटलीस." मामींनी कॉफी पुढं केली. त्यानं दोन्ही हात जोडले आणि तो गेला.

मामा माझ्यावर ओरडतील म्हणून मी वाट पाहिली. माझी उत्तरं तयार होती, मुद्देसूद, क्रमांक घालून. ते एवढंच म्हणाले, "तंबी, सूसैला हंसत होतों तें सूसैसाठीं होतें. तें छापायचें नव्हतें." मी म्हणालो, "जे छापता येत नाही ते बोलू नये." ते उत्तर अजूनही मला बरोबर वाटतं. फक्त त्या वेळी ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

पुढचा रविवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही. मामी दोघांपुरतं डिकॉक्शन घालत राहिल्या आणि उरलेलं संध्याकाळी मला प्यावं लागलं. वारुळवाल्या बाईंनी मुद्दाम कुंपणापाशी येऊन सांगितलं की नागानं या शुक्रवारी दोन वाट्या प्यायल्या. मामा म्हणाले, "पीत असेल." बाई घाबरून घरात गेल्या. पाचव्या रविवारी सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून माडीखाली उभे. बगलेत कापडी पिशवी. "सेरी," ते म्हणाले, म्हणजे बरं. "चल. एन्नोर. तुझाही माल अहे त्यांत."

एन्नोरला वीजकेंद्राच्या धुरांड्यांची राख हवेत होती आणि सूसै घराच्या पायरीवर बसून भावाचं जाळं सांधत होता. त्यानं 'ये' म्हटलं नाही, पण जाळं सरकवून पायरीवर जागा केली. मामा बसले, पिशवीतून अंगवस्त्र काढलं आणि पिढ्यान्‌पिढ्या न मोडलेली घडी मोडली. निदान मला तसं वाटलं होतं. कापडाच्या कडेनं, खालून चार बोटं वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबूस रेघ होती. पाणी चढून वाळल्यावर पडते तशी.

"ही पाहा," मामा म्हणाले. "बापानं पेटी हातात दिली त्या दिवशी मी घडी मोडून पाहिली. नोकरीला लागायच्या आधी. घरी कुणाला सांगितलं नाही."

सूसैनं रेघ उजेडाला धरली, अंगठ्यानं चाचपली. "चाळीस वर्षं? आणि रिजेक्ट नाही केलंस?"

"कसं करणार? बापानं पास केलेला माल." मामांचा आवाज अगदी खाली गेला. "म्हणून तुझ्या मालाला जरा जास्तच घासत होतो."

मी तोंड उघडणार होतो. त्या रेघेनं माझी अख्खी मागची बाजू सिद्ध झाली होती. कापड भिजलं म्हणजे पणजोबा नावेतून आले असतील किंवा पोहत. देवाचा यात काय संबंध? पण त्या दोघांनी मला विचारलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मीही आपण होऊन सांगितलं नाही.

सूसैनं कापडाची घडी जशी होती तशी घातली. "ओला झाला," तो म्हणाला. "पण पोचला ना पलीकडे? तू इथं बसलायस म्हणजे पोचलाच. पास." मग जाळं पुन्हा मांडीवर ओढत म्हणाला, "आमच्या गोष्टीतही एक बुडतो. प्रभूला पाहून एक शिष्य होडीतून पाण्यात उतरतो, चार पावलं जातो, लाटा बघतो, भितो आणि गटांगळी खातो. कोळीच होता तो, आमच्यासारखा. प्रभू हात देऊन वर काढतो."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तीस वर्षं सांगतोय. तू होडीपाशीच हसायला लागतोस."

मामांनी खिशातली कांडी काढली, दोन्ही टोकं पाहिली आणि परत ठेवली. माझ्या पत्रकातही तो बुडणारा माणूस नव्हता. मीही होडीपाशीच थांबलो होतो.

पुढच्या रविवारपासून सूसै पुन्हा यायला लागला आणि मामा पुन्हा हसायला लागले. सुधारले वगैरे काही नाहीत. वारुळ, दोरा, सगळे पूर्ववत नापास. फक्त सूसैची गोष्ट ते शेवटपर्यंत ऐकायचे आणि मग रिजेक्ट म्हणायचे. मी पुढं पुण्याला नोकरी धरली. पत्रकं अजूनही लिहितो, मत तसूभर बदललेलं नाही. मामा गेल्याचं कळलं तेव्हा जाणं जमलं नाही, वर्षानं गेलो. मामींनी रामनवमी नसताना पेटी उघडून दाखवली. अंगवस्त्राखाली कसर लागू नये म्हणून माझी उरलेली पत्रकं अंथरली होती, मामांनी स्वतः, मागची बाजू वर करून.

व्हरांड्यात दोन्ही वेताच्या खुर्च्या होत्या. मी विचारलं, सूसै येतात का?

"येतो की, दर रविवारीं," मामी म्हणाल्या. "कॉफी घेतो. ती पाण्याची गोष्ट सांगायला लागतो. होडीपाशीं येतो आणि थांबतो. कोणी हंसत नाहीं, म्हणून पुढें जात नाहीं."