टेम्पोवरची तोफ

कान्हा तांडेलचा टेम्पो दक्षिण अमेरिकेतल्या सैन्यात भरती झाला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्याच्या मुलाला झाला. दर्शन वेबसिरीजच्या सेटवर कला विभागात होता. कुठल्याशा छोट्या देशात उठाव होतो आणि तो मोडायला सैन्य रस्त्यावर येतं, अशी काहीतरी गोष्ट होती. सैन्य म्हटलं की चिलखती गाडी आली. ती टिटवाळ्याजवळच्या एका बंद खदानीत उभी करायची होती, आणि तिच्या पोटात घालायला चालणारा टेम्पो हवा होता. घरचा असताना बाहेर कशाला शोधायचा, असं म्हणून दर्शनने बापाचा टेम्पो सुचवला.

कान्हा कल्याणच्या खाडीकाठचा कोळी. वय साठीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, आणि बोलणं इतकं कमी की सोसायटीच्या वॉचमनला बरेच दिवस तो मुकाच वाटला होता. पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळी भरायची, बायको मनुबाईला शेजारी बसवायचं आणि कल्याणच्या बाजारात दोघींना, म्हणजे बायकोला आणि मासळीला, सुखरूप उतरवायचं, एवढंच त्याचं जग. टेम्पोत बोंबलाचा वास असा मुरला होता की पुढे सिरीजमधला जनरल प्रत्येक शॉटला नाकाशी रुमाल धरून चढायचा.

कला दिग्दर्शक मुकुल डोंबिवलीचा, कामाचा फार काटेकोर. त्याच्या मोबाइलमध्ये खऱ्या गाडीचे ढिगाने फोटो होते. ब्राझीलमध्ये बनलेली सहा चाकांची चिलखती गाडी, वर नव्वद मिलिमीटरची तोफ. तिकडच्या कितीतरी लहान सैन्यांकडे हीच गाडी. मुकुलने टेम्पोला पत्र्याचा अंगरखा चढवला, मधे दोन खोटी चाकं लावली, आणि तोफेसाठी कल्याणच्या हार्डवेअरच्या दुकानातून बरोब्बर नव्वद मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणला. या योगायोगावर तो दिवसभर खूश होता. सैनिकांच्या हातात लाकडी रायफली आल्या. मूळ रायफल बेल्जियमची, आणि आपल्या जवानांनी वर्षानुवर्षं वापरलेली एसएलआर तिचीच बहीण, हेही त्याने ऐकवलं. ज्याला ऐकवलं त्याने चहाचा कप पुढे केला.

कान्हाने मात्र मोबाइल मागून घेतला आणि गाडीचा फोटो बराच वेळ पाहिला.

"ही कंपनी आजून चालू हाय?"

"नाही काका. बंद पडून तीसेक वर्षं झाली. पार्टसुद्धा धड मिळत नाहीत."

"मग गाडी भंगारात?"

"छे. ते लोक इंजिन बदलतात, टायर बदलतात, परत रंग देतात आणि परेडला काढतात. छोटं सैन्य आहे, सारखं नवीन कुठून घेणार?"

"टाकत नाय," कान्हा स्वतःशीच म्हणाला. त्या संध्याकाळी हिरवा रंग लावायला तो स्वतः ब्रश घेऊन उभा राहिला.

दाराच्या फटी कॅमेऱ्यात दिसतात म्हणून दोन्ही दारांवर पत्रा वेल्ड केला गेला. आत जायचं ते शिडी लावून, तोफेच्या घुमटावरच्या झाकणातून, आणि मग केबिनची मागची बाजू कापून केलेल्या भोकातून पुढे सरपटत. समोरची काच झाकून फक्त एक फट ठेवलेली. झाकण खडखडायचं म्हणून त्याला आतून कडी बसवली. कान्हा गुडघे धरून शिव्या घालायचा, पण मनात. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्याला मजाच वाटली.

मग युनिट दुसरीकडे शूटिंगला गेलं आणि जाताना सांगून गेलं, गाडीला हात लावायचा नाही. आधीच्या शॉटशी जुळणी, कंटिन्युइटी की काय म्हणतात, ती बिघडते. तो अवतार रस्त्यावर काढायची सोय नव्हती. टेम्पो खदानीत ताडपत्रीखाली, आणि कान्हा घरात सीलिंग फॅनखाली. भाडं वेळेवर येत होतं, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती. मनुबाई दुसऱ्याच्या गाडीतून मासळी आणू लागली. कान्हा पहाटे सवयीने उठायचा, चहा करायचा, आणि बसायचा. घर झोपेत, रस्ता मोकळा, हात रिकामे. भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटायच्या. चार माणसं म्हणायची, मजा आहे बुवा, बसून खातोय. त्या माणसांना एकदा तसं बसवायला हवं.

बसण्याची त्याला धास्ती होती, आणि ती उगीच नव्हती. खाडीचं पाणी बिघडलं, मासळी गेली, तेव्हा त्याच्या बापाने होडी विकली. लेकाला टेम्पो घेऊन दिला आणि म्हणाला, आता मी आराम करतो. ओटीवर बसला तो बसलाच. फाटकं जाळं मांडीवर घेऊन विणायचा, विणलेलं उसवायचा, पुन्हा विणायचा. पुढेपुढे तर हाक मारली तरी मान वर करेना. मनुबाई त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. म्हातारा मेला तेव्हा लोक म्हणाले, सुटला. कान्हाला ते कधीच पटलं नाही. त्याला वाटायचं, बाप अडकून मेला.

उन्हाळ्यात युनिट परतलं आणि दर्शन घरी बातमी घेऊन आला. शेवटच्या भागात बंडखोर सैन्याची चिलखती गाडी स्फोटाने उडवतात, आणि ती खरोखर उडवायची असं ठरलं होतं.

"टेम्पो ते विकत घेतायत. चांगला भाव देतायत," दर्शन म्हणाला. "बाबा, बस झाला आता. तू आराम कर ना. मी हाये, समिधापण कमावते."

समिधा, त्याची बहीण, हो म्हणाली. कान्हाने मनुबाईकडे पाहिलं. ती ताटातला काटा बाजूला काढत म्हणाली, "देऊन टाका. लोखंडाला काय जीव असतो?"

तिचंही चूक नव्हतं. आदल्या वर्षी शीळफाट्याजवळ पहाटे कान्हाचा डोळा लागला होता. टेम्पो दुभाजकाला घासत गेला. कुणाला काही झालं नाही, आणि दोघांनीही घरी काही सांगितलं नाही. पण तेव्हापासून मनुबाई धक्क्यापासून कल्याणपर्यंत टक्क जागी राहायची आणि तो जरा गप्प दिसला की दंडाला चिमटा काढायची. चिमटे काढून काढून ती थकली होती.

सगळे आपलेच, सगळे भल्याचंच बोलतायत. भांडायचं तरी कुणाशी? कान्हा जेवून उठला आणि हात धुवायला गेला. त्याचं गप्प राहणं म्हणजे होकार, असं घराने धरून टाकलं.

गाडी उडवायच्या दिवशी त्याचं काम एवढंच होतं: गाडी चुन्याच्या खुणेवर आणून उभी करायची, शिडीवरून उतरायचं आणि लांब जाऊन उभं राहायचं. मग स्फोटवाले येणार. त्याने गाडी नीट खुणेवर आणली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. सरपटत मागे जाऊन झाकणाकडे हात नेला आणि उघडायच्या ऐवजी कडी लावून टाकली. मग परत येऊन सीटवर बसला. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

पत्रा तापला होता. घाम डोळ्यांत उतरत होता, बोंबलाचा वास छातीत बसत होता. फटीतून सैनिकांचे फक्त पाय दिसत होते, आणि पायांशी टेकवलेल्या लाकडी रायफली. आधी हाका आल्या. मग थापा. मुकुल वर चढून झाकण ओढत होता. "काका, आत चक्कर येईल, उघडा ना." मग दर्शनचा आवाज आला, रडवेला. "बाबा, माझी नोकरी जाईल रे." लेकाचं वाटोळं करायचं नव्हतं त्याला. पण हात काही कडीकडे गेला नाही. बाहेर गेलं की आराम होता, आणि आत निदान स्टेअरिंग होतं.

शेवटी दर्शनने आईला फोन केला. मनुबाई बाजार अर्धा टाकून टिटवाळ्याला आली आणि तिथून रिक्षाने खदानीत. हातांना मासळीचे खवले तसेच होते. पत्र्यावर धडका मारणाऱ्या पोरांना तिने बाजूला केलं, गाडीला एक फेरी मारली आणि तोफेच्या तोंडाशी तोंड नेलं.

"अवो," नव्वद मिलिमीटरच्या पाइपातून आवाज आत आला. "पाणी पिलाव का?"

कान्हा सरपटत मागे गेला आणि पाइपाच्या आतल्या टोकाशी तोंड नेऊन म्हणाला, "नाय."

"काय झालाय तुमाला? पोरगा रडतंय."

मग कान्हा बोलला, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी एवढं सलग तो कधी बोलला नव्हता.

"मना बापसासारखा ओटीवर नाय बसाचा, मने. मी मरंन गं घरात. त्या तिकरचे लोक जुनी गारी टाकत नाय. मनाच कशाला टाकताव?"

मनुबाई पाइपाला हात लावून तशीच उभी राहिली. सासऱ्याचं न हललेलं ताट ती रोज उचलायची. ते कुणाला ठाऊक असेल तर तिलाच. तिने नऊवारीचा काचा घट्ट खोचला आणि शिडीवर पाय ठेवला.

"कडी काढा. मी हाय."

कडी निघाली. ती कशीबशी आत उतरली, आणि कुणाला काही कळायच्या आत तिनेच कडी परत लावली. भोकातून सरपटत पुढे आली आणि आपल्या नेहमीच्या जागेवर, कान्हाशेजारी बसली. धाप लागली होती. पदराने तोंड पुसून ती फटीतून ओरडली, "मुकुल, आमची गारी इकाची नाय. जालून टाकाला दुसरी बनव, पुठ्ठ्याची बनव. दर्शनला काय बोलाचा नाय, तो गुन्हेगार नाय."

बाहेर दर्शनने डोक्याला हात लावला. मुकुल पुठ्ठ्याचा विचार करायला लागला होता.

आत दोघं अंधारात घामाघूम बसून राहिली. कान्हा समोरच्या फटीकडे पाहत होता. मनुबाईने हळूच हात पुढे केला आणि त्याच्या दंडाला कचकचीत चिमटा काढला.

"जागा हाय मी," कान्हा म्हणाला.