साडूंचे दोन प्रोसेसर

साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या मुलखात विजेला माझ्या साडूंइतका भिणारा माणूस दुसरा नसेल. गंमत अशी, की इस्लामपुरात त्यांचे पोट विजेवरच चालते. घराच्या पुढल्या खोलीत ते लोकांना सातबारा काढून देतात, ऑनलाइन अर्ज भरून देतात. साताऱ्याला आमच्याकडे आले, की चहाच्याही आधी फ्रिजच्या पाठीला हात लावून पाहतात आणि ताप आलेल्या मुलाच्या कपाळावरून घ्यावा तसा तो हळूच काढून घेतात. पिशवीत कायम एक वॅटमीटर असतो. तो सॉकेटात खोचायचा, त्यात उपकरणाची पिन घालायची, की ते किती वीज ओढते हे दिसते. एका लग्नात त्यांनी स्पीकरवाल्याला विनवून तो लावला, आकडा पाहिला आणि अक्षता तशाच मुठीत धरून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. "पाव्हणं, मांडव पेटंल," एवढेच म्हणाले. मांडव पेटला नाही. मी मात्र ही गोष्ट घरोघर सांगून हसलो. त्या हसण्याबद्दलच मला खरे तर लिहायचे आहे.

दुकानाचा जुना संगणक बंद पडला, तेव्हा त्यांनी दोन स्वस्त प्रोसेसर आणले आणि दोन यंत्रे शेजारीशेजारी मांडली. एक वेगवान, एक सावकाश. दोन्हींच्या डब्यांवर वॅटचा आकडा सारखाच छापलेला. महिनाभर ते एकच अर्ज दोन्हींवर उघडीत, घड्याळ लावीत, मीटर पाहत आणि शाळकरी वहीत टिपून ठेवीत. ताकद लावायची वेळ आली, की वेगवान प्रोसेसर डब्यावरच्या आकड्याला जुमानत नसे, कितीतरी जास्त वीज ओढी. तेव्हाच्या नोंदीपुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिले होते, 'उधळतो'.

मी शहाणपणाने म्हणालो, "अहो, पण वेगवान प्रोसेसर काम लवकर संपवून गप्प बसतो. एकूण वीज कमीच लागली की!"

"एकूणचं बिल येतंय, पाव्हणं," ते म्हणाले. "इन्व्हर्टर एकूण बघत न्हाई. एका दमात किती वढलं, तेवढंच बघतोय."

त्या इन्व्हर्टरवर आतल्या खोलीत त्यांच्या आईंचे ऑक्सिजनचे यंत्र चालत होते. आईंची फुप्फुसे थकली होती आणि दिवसरात्र नाकात नळी होती. लाईट गेली, तर त्या यंत्रासोबत फारतर एक संगणक चालावा, आणि तोही बेताने ओढणारा, यासाठी साडूंचा हा सगळा खटाटोप होता. हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी हसत होतो.

एका सकाळी ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर भरून आणायला ते सांगलीला निघाले आणि दुकान माझ्यावर सोपवले. जाताना तीनदा मागे फिरले. "लाईट गेली तर सावकाशवालाच ठेवा. दुसरा बंद करा. इसरू नगा." अर्जांचा शेवटचा दिवस होता. अकराच्या सुमारास लाईट गेली. मी वेगवान यंत्र आज्ञेप्रमाणे बंद ठेवले, पण सावकाशवर एकेक पान उघडायला युगे लागू लागली. रांगेतले एक म्हातारे म्हणाले, "आवं सायेब, ही मशीन हाय का म्हस? रवंथ करतीया नुसती!" सगळे हसले. मी ओशाळलो, आणि त्या ओशाळलेपणात सावकाश यंत्र बंद करून वेगवान चालू केले. डब्यावरचा आकडा सारखाच तर होता.

अर्ज झरझर उघडला. दुसऱ्याच क्षणी इन्व्हर्टर किंचाळला आणि सारे बंद पडले. पडदा काळा झाला, आणि आतल्या खोलीतल्या यंत्राची अखंड घरघर थांबली. आयुष्यात मला कोणत्याही आवाजाचे भय वाटले नाही इतके त्या शांततेचे वाटले.

मी आत धावलो. आई उशीला टेकून माझ्याकडे पाहत होत्या, त्यांचा हात चादरीवर काहीतरी शोधत होता. मला इन्व्हर्टरचे काहीच माहीत नव्हते. साडूंना फोन लावला. वाटले, हा माणूस आता किंचाळेल. पण पलीकडून आलेला आवाज इतका संथ होता, की तो त्यांचाच का, असा मला प्रश्न पडला. "भिऊ नगा. पयलं कॉम्प्युटरची पिन उपटा. उपटली? आता इन्व्हर्टरच्या मागचं लाल बटण दाबा. ऱ्हावा तितंच. आवाज आला का?"

आला. घरघर पुन्हा सुरू झाली. त्यानंतर मात्र फोनमध्ये मला त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला. तो कितीतरी वेळ जाग्यावर येत नव्हता.

दुपारी ते सिलिंडर घेऊन आले. आईंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावून आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, मग वेगवान संगणक डब्यात भरू लागले. म्हणाले, "चांगला हाय त्यो. आमच्या घरचा न्हाई, येवढंच."

मी निघताना आईंनी मला खुणेने जवळ बोलावले. शब्दाशब्दाला थांबत म्हणाल्या, "मगाशी लय भ्या वाटलं बगा. जीव गेल्यागत झालं. पर त्याला सांगू नगासा. त्यो आधीच लय भितोय."

मी सांगितले नाही. माफीही मागायची राहून गेली, कारण मनापासून मागायची तर आईंचे ते भय सांगावे लागले असते. अजूनही इस्लामपुरात लाईट गेली, की साडू मला फोन करतात. "आई बरी हाय, पाव्हणं. सावकाशवालाच चालू हाय." मी "बरं" म्हणतो, पण फोन लगेच ठेवत नाही. त्यांच्यामागे ती घरघर ऐकू येते का, तेवढे ऐकून मगच ठेवतो.