व्हरलीनबाईंनी लावलेलं पहिलं लग्न

टेनेसीच्या डोंगराळ भागातल्या आमच्या काउंटीत व्हरलीन स्टॅलर्ड सगळ्यांची क्लार्क, म्हणजे लोकांनी मतं देऊन निवडलेली नोंदणी अधिकारी. गाडीची नंबरप्लेट हवी असो, दुकानाचा परवाना हवा असो की लग्नाचा, कोर्टाच्या इमारतीत शिरल्यावर आधी तिचीच खिडकी गाठायची. दर निवडणुकीत ती हमखास निवडून यायची, तेही एक भाषण न करता. चार माणसांपुढे उभं राहिलं की तिची बोबडी वळायची. म्हणून ती घरोघर सुक्या सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या वाटायची. तोच तिचा प्रचार. कायद्यानं क्लार्कला लग्नही लावता येतं, पण ते काम तिनं कायम पाद्रीबाबांवर ढकललं होतं.

एका शनिवारी सकाळी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा हॉबर्ट आणि शाळेची बस चालवणारी इमोजीन परवाना घ्यायला आले. दोघंही साठी ओलांडलेली. मागे नटूनथटून सगळं वऱ्हाड. इथून थेट चर्चलाच जायचं होतं. परवान्यावर सह्या होतात तोच फोन आला. ओढ्याचं पाणी पुलावर चढलं होतं, पाद्रीबाबा पलीकडे अडकले होते.

"सोमवारी करू की," हॉबर्ट म्हणाला.

"सोमवारी? याला हो म्हणायला माझी निम्मी हयात गेली!" इमोजीन उसळली. "व्हरलीन, तूच लाव आमचं लग्न."

"मी? अगं, मला नाही जमायचं. तोंडातून शब्द फुटत नाही माझ्या."

"माझ्याशी भांडताना बरा फुटतो!" दारात उभा असलेला तिचा नवरा डॉइल म्हणाला. सगळे हसले.

व्हरलीननं इमोजीनच्या हातातला फुलांचा गुच्छ पाहिला. इमोजीननं आपल्याच परसातून खुडलेली पिवळी डॅफोडिल्स होती ती, केसांच्या रिबिनीनं बांधलेली. व्हरलीनला नाही म्हणवेना. ती खिडकीमागून बाहेर आली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली. तोंड उघडलं तर रोजचंच वाक्य बाहेर पडलं:

"पुढचे कोण?"

"आम्हीच!" हॉबर्ट एवढ्या जोरात ओरडला की सगळी इमारत हसण्यानं दणाणली. हसता हसता व्हरलीनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याबरोबर भीतीही वाहून गेली. तिनं दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. एकमेकांचं आजारपण काढाल का, रुसवे सांभाळाल का, असं आपल्याच भाषेत विचारलं. इमोजीनचं "हो" ऐकू आलं. हॉबर्टनं मात्र नुसती मान हलवली.

"तोंडानं सांग, हॉबर्ट. मान हलवलेली मला चालत नाही."

"हो, हो, हो!"

कुणीतरी माउथऑर्गन काढला, आणि नंबरप्लेटच्या रांगेतली माणसंही नाचायला लागली.

तेव्हापासून व्हरलीन लग्नं लावतेच आहे. आता बोलायला लागली की आवरत नाही. डॉइल नवरदेवांना आधीच सांगून ठेवतो, "पोटभर खाऊन या रे बाबांनो, ही लवकर सोडणार नाही."