तोंडावर बोट आणि दत्तूचा श्वास

मंडळी, दुपारपासून एका जागी बसवत नाहीये. घरभर नुसत्या फेऱ्या घालतेय.

आज लोणावळ्यात नातवाला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तो कायम तोंडानं श्वास घेतो. डॉक्टर म्हणाले, "वरचा जबडा अरुंद आहे, म्हणून नाकातली वाटही अरुंद. टाळूला स्क्रूची पट्टी लावू, तो स्क्रू किल्लीनं रोज थोडाथोडा फिरवायचा. जबडा रुंदावला की काही मुलांना नाकानं श्वास घेणं सोपं जातं. सगळ्यांनाच नाही."

मला एकदम माझा धाकटा भाऊ दत्तू आठवला. साठच्या दशकातली आमची मावळातली शाळा. गुरुजी ओरडायचे, "हाताची घडी, तोंडावर बोट!" दत्तूचं बोट जागेवर असायचं, पण त्यामागं तोंड उघडंच. "मिट ते, बावळटा!" म्हणत छडी बसायची. तिसरीतच त्यानं शाळा सोडली. बावळट हे नाव मात्र गावानं सोडलं नाही.

घरी आल्या आल्या त्याला फोन लावला. "दत्तू, तोंड मिटून श्वास घेता येतो का रे तुला?"

तो हसला. "न्हाई. कुणाला येतोय, ताई?"

मंडळी, मी त्याला काय सांगू?