मांजरीचे व्याही

एकुलती एक मुलगी असून अठ्ठावीस व्याही असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा मामा निघाला. त्यांतले खरे व्याही एकच, कडोदऱ्याचे. उरलेले सत्तावीस मामांना जरीने मिळवून दिले. जरी म्हणजे त्यांची मांजर. पाठीवर पिवळा पट्टा म्हणून हे नाव. मामा गुजराती मुलखात, उधन्यात, एका लूम्सच्या कारखान्यात मास्तर होते, म्हणजे मागांची देखरेख करत. नव्वदच्या सुमारास मी कॉलेजसाठी त्यांच्या घरी राहायला गेले, तेव्हा सुताच्या कोनांच्या रिकाम्या खोक्यात जरीचं तिसरं बाळंतपण चाललं होतं, आणि मामा बाहेर येरझाऱ्या घालत होते.

पिल्लांचे डोळे उघडले की मामा स्थळं बघायला निघत. सायकल, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. ज्या घरी जात तिथल्या यजमानाच्या सदऱ्याचं टोक आधी दोन बोटांत चोळून बघत, कारण माणसाचं पाणी कापडावरून कळतं असं त्यांचं मत होतं. बमरोलीचं एक सुस्थितीतलं स्थळ त्यांनी निव्वळ दूध पातळ म्हणून नाकारलं. पण खरी पंचाईत निराळीच असे. लोकांना बोका हवा असे. मादी नको, ती विते, कटकट होते. मामांचं डोकं फिरायचं. "तुमले पोर पसंत नही का पोरनी जात पसंत नही?" असं ते तोंडावर विचारत. बोका मागणाऱ्याच्या पदरात ते सोबत एक मुलगी घालतच, आणि मग दर रविवारी त्या घरी जाऊन पोर खाते का, सासरी रुळली का, याची चौकशी करत. एकांकडे तर ते दिवाळीला सुके बोंबील घेऊन गेले. ते घर शाकाहारी होतं.

मामी मात्र सायकल निघताना दारात उभी राहून एकच वाक्य बोलायची. "आपली पोर कडोदराले शे. ध्यानमा शे ना?" मामा मग टायरची हवा बघत.

ध्यानात होतंच. पण सत्तावीस व्याह्यांपुढे वकिलासारखा बोलणारा हा माणूस अठ्ठाविसाव्यापुढे "हो ना, बरोबर" याखेरीज काही बोलत नसे. मामांच्या मुलीला, म्हणजे ताईला, तीन मुली होत्या. चौथं बाळंतपण वाया गेलं, ताई त्यात जाता जाता वाचली, आणि यापुढे नको, ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सासऱ्यांना नातू हवा होता. मामा हे सगळं ऐकून, बासुंदी खाऊन परत येत. मला त्यांचा फार राग यायचा, आणि तो मी लपवतही नसे.

आठव्या वेतानंतर जरीने खाणं सोडलं. मामा तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले, बरोबर मी. डॉक्टरने तिचे डोळे पाहिले आणि मामांना म्हणाला, "काका, बिलाडी थाकी गई छे. हजी केटलां बच्चां करावशो?" मांजर थकली आहे, अजून किती पिल्लं काढणार, एवढंच तो विचारत होता. मामांनी तिथेच ऑपरेशनची चौकशी केली. जरी अंगाने जरा भरल्यावर तिचं ऑपरेशन झालं. आख्ख्या गल्लीने पाप, शाप आणि मांजरीचा संसार यांवर प्रवचनं दिली. दोन महिन्यांत जरी गुबगुबीत झाली, तिच्या अंगावर नावाला शोभेल अशी चमक आली, छपरावरची बोक्यांची मारामारी थांबली, आणि प्रवचनकारांना शांत झोप लागू लागली.

झालं. मामा पुन्हा सायकलवर. आता प्रत्येक व्याह्याकडे एकच मागणं, पोरीचं ऑपरेशन करून घ्या. बोक्यांनाही सूट नव्हती. एक व्याही म्हणाले, "मास्तर, मर्दनी जात शे ती." मामा म्हणाले, "म्हणीसनच रोज कान फाडीसन येस." सव्वीस घरं त्यांनी वळवली. बोंबीलवाल्यांनी दार उघडलं नाही.

मग एका रविवारी ते मला म्हणाले, "चल, कडोदरा." तिथे बाजेवर बसून ते तासभर फक्त जरीबद्दल बोलले. सासरे जांभया देत होते. "मास्तर, मांजरनं काय एवढं?" त्यांनी शेवटी विचारलं. मामा खाली बघत म्हणाले, "व्याहीबुवा, ती बोले ना. मना दारमा येवाले लागे आनि गप बशी ऱ्हाये. माले वाटे, बाईनी जात, असंच ऱ्हास. चूक मनी व्हती." दाराआड चहाची कपबशी वाजायची थांबली. सासरे सरळ बसले. मग म्हणाले, "कितला दिन लागतस?"

"आठ दिनमा टाका निघतस. पन पोर महिनाभर बापना घर ऱ्हायनी पाहिजे."

"मांजर ते तुमनाच घर शे," सासरे म्हणाले. मामांनी दाराकडे पाहिलं. सासऱ्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि आत वळून सुनेला म्हणाले, "बॅग भर."

बोक्यांचीही गय न करणाऱ्या मामांना जावयाचं ऑपरेशन मात्र सुचलं नाही, आणि मीही ते सुचवलं नाही. आम्हा सगळ्यांची तेवढीच झेप होती.

ताईचं ऑपरेशन झालं आणि ती महिनाभर राहिली. पहिले काही दिवस ती नुसती झोपली, पायाशी जरी. मामा कामावरून आले की चपला बाहेरच काढून हळूच आत येत आणि दोघींकडे बघत बसत. आज मामा नाहीत, जरीही नाही, आणि मी त्यांच्यावर जेवढी चिडले होते त्यातलं थोडंसं परत घ्यावंसं वाटतं. त्या महिन्यात मामा कुठल्याच व्याह्याकडे गेले नाहीत.